कोराडीकरांनो, ग्रामसभा ओस पडू देऊ नका

पुढच्या ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली की ती थांबून वाचा, आणि त्या दिवशी या. मागणं एवढंच आहे. एवढ्याशा मागणीसाठी लेख लिहावा लागतो, यातच आपली अवस्था आली.

कोराडीला काय कमी आहे, असं बाहेरचा माणूस विचारतो. त्याचंही चुकत नाही. नागपुरातून सावनेर रोडनं निघालं की गाव येण्याआधी वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. १९७४ मध्ये इथला पहिला संच सुरू झाला. १२० मेगावॅटचे जुने संच भंगारात गेले आणि त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचे तीन आले. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं रोजचं १३ कोटी लिटर सांडपाणी या संचांसाठी नळातून इथं येतं. तेवढं धरणाचं पाणी वाचलं, ही देशानं पाहावी अशी गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. चैत्रात आणि अश्विनात जगदंबेच्या नवरात्राला मध्य प्रदेशापर्यंतची माणसं येतात. सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा अशी देवीची तीन रूपं पाहायला दिवसभर देवळात बसून राहणारे भाविकही आहेत. ५ जुलै २०२३ ला रामायण सांस्कृतिक केंद्राच्या उद्घाटनाला खुद्द राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू येऊन गेल्या. राज्याचे ऊर्जामंत्री याच गावातून झाले. निधी, नेते, वीज, देव यातलं काहीच कोराडीला कमी पडलेलं नाही.

कमी पडतात ती माणसं, वर्षातून चार वेळा दोन तास खुर्चीवर बसून प्रश्न विचारणारी.

ग्रामसभा कशी होते ते आपल्या भागातल्या कुणालाही डोळे मिटून सांगता येईल. झेंडावंदन होतं, पोरांना बुंदीची पुडी मिळते, लाऊडस्पीकरवरची देशभक्तीची गाणी बंद होतात. मग मंडपात ग्रामसेवक टेबलावर रजिस्टर मांडतो. पहिल्या रांगेत सदस्य, दुसऱ्या रांगेत सदस्यांचे भाऊबंद, आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले दहा-पंधरा जण. घरकुलाची यादी वाचायची असेल त्या दिवशी मात्र बसायला जागा नसते. यादीतलं शेवटचं नाव वाचून झालं की मंडप अर्धा रिकामा होतो. राखेचा, पाण्याचा, तलावाचा, ट्रकचा विषय पत्रिकेत खाली असतो, त्याची पाळी येते तेव्हा ऐकायला सतरंजीच उरते. लोकांनाही दोष द्यावासा वाटत नाही. घरकुलाच्या यादीत नाव आलं तर डोक्यावर छप्पर येतं. राखेवर बोलून काय मिळणार?

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट पाहू. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास त्या होतात. नोटीस सात दिवस आधी लागते. कोरमसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. कोराडीएवढ्या गावासाठी याचा अर्थ फक्त शंभर माणसं. आता मेख पाहा. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. म्हणजे शंभर जण आले नाहीत तर नंतर पाच जणांत ठराव मंजूर होतो आणि तो अख्ख्या गावाचा ठराव ठरतो. एका गावात, नाव सांगत नाही, सह्यांचं रजिस्टर सभेनंतर घरोघरी फिरताना मी पाहिलंय. बाई पोळ्या लाटत होत्या. पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी सही केली आणि सभा कशाची होती ते विचारलंसुद्धा नाही. रजिस्टर आणणाऱ्यानंही सांगितलं नाही.

आता काही जण म्हणतील, अहो, ग्रामसभेनं पॉवर हाऊस थोडंच बंद होणार आहे. बरोबर आहे, होणार नाही. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली बारा ग्रामसभांनी डोंगरातली खाण नाकारली आणि ती थांबली, पण ते वनहक्क कायद्याच्या बळावर झालं. आपल्याच विदर्भात गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची ग्रामसभा जगभर नावाजली गेली, तिच्याही पाठीशी जंगलाचा हक्क आहे. कोराडीत त्या कायद्याचा उपयोग नाही. इथल्या ग्रामसभेच्या हातात नकाराचा दांडा नाही. पण विचारण्याचा हक्क पूर्ण आहे, आणि विचारलेलं लिहून घ्यायला लावण्याचाही. मोठ्या प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्या गावाला ही दुसरी गोष्ट जास्त कामाची.

कशी, ते १६ जुलै २०२२ वरून कळतं. त्या दिवशी कोराडीच्या वीज केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा पावसात फुटला. राखाडी लगदा खसाळा, म्हसाळा, कवठा या गावांच्या शेतांत शिरला, नाल्यानं कोलारमध्ये आणि पुढे कन्हान नदीत गेला. नागपूरच्या काही भागांचा पाणीपुरवठा कमी झाला तेव्हा कुठे शहराला कळलं की आपली वीज जिथं तयार होते तिथली राख आपल्याच नळापर्यंत येऊ शकते. पंधरा दिवस पेपरात फोटो येत होते. नंतर विषय विरला. त्या बंधाऱ्याची दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी कोण करतं, अहवाल कुठं ठेवला जातो, तो गावाला वाचून दाखवतात का, असं आजूबाजूच्या ग्रामसभांनी दरवर्षी विचारलं तर? उत्तर मिळेल न मिळेल, पण प्रश्न इतिवृत्तात राहील. पुढच्या वर्षी कुणी 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणालं की ते पान उघडून समोर ठेवता येईल.

आता २९ मे २०२३. नव्या दोन संचांसाठी, प्रत्येकी ६६० मेगावॅटच्या, कोराडीत जनसुनावणी झाली. मेअखेरचं नागपूर म्हणजे काय ते इथं सांगायला नको. पर्यावरणवाल्या संस्थांनी विरोध केला. प्रकल्प पारशिवनीकडे हलवा अशी मागणीही त्या काळात पुढं आली. गावातल्या पुष्कळांनी रोजगार येईल म्हणून पाठिंबा दिला. तो पाठिंबा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याचा पोरगा आयटीआय करून ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबतो, त्याला नवा संच म्हणजे पोराच्या लग्नाची आशा वाटते. काकाजी, तुमचा राग नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. त्या दिवशी समर्थक आणि विरोधक एकमेकांसमोर पहिल्यांदाच उभे राहिले. त्याआधी वर्षभर गावाच्या मंडपात बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून, 'नोकऱ्या किती आणि कुणाला, राख किती आणि कुठं' हे कुणी बोललंच नव्हतं. जनसुनावणीला कोरम लागत नाही आणि तिथं मतदानही होत नाही. लोक काय म्हणाले ते टिपून वर पाठवायचं, एवढंच तिचं काम. तिथं घसा कोरडा करायचा तर बोलण्याची तालीम आधी ग्रामसभेत झालेली असावी लागते. ती नव्हती. नव्या संचांचं कंत्राट भेलला २०२५ साली मिळालंसुद्धा.

मग आता विचारून काय उपयोग? उलट आताच उपयोग आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला अटी घातलेल्या असतात. त्या पाळल्या का याचा अहवाल कंपनीनं दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. तो अहवाल गुप्त नाही, मागणाऱ्याला मिळतो. जनसुनावणीत कोण काय बोललं याचा वृत्तान्त प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतो तिथं लोकांना दिसेल असा लावायचा, हेही पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत लिहिलंय. तुम्ही तो कधी पाहिला? राखेबाबत ३१ डिसेंबर २०२१ ची केंद्राची अधिसूचना आहे. राख शंभर टक्के वापरात आणायची आणि न वापरलेल्या राखेपोटी टनामागे १००० रुपये भरपाई, असं ती सांगते. आपल्या कोळशात साधारण तीस-चाळीस टक्के राखच असते. हिशोब तुम्हीच करा आणि ग्रामसभेत विचारा: या वर्षी किती राख निघाली, किती विटांच्या आणि सिमेंटच्या कारखान्यांकडे गेली, किती बंधाऱ्यात पडून आहे. अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर बोट फिरवून बोटाकडे पाहणारी म्हातारी हा प्रश्न रोज विचारते, फक्त तो कुणी लिहून घेत नाही.

हे सगळं हवेतलं वाटत असेल तर नांदगावकडे पाहा. पारशिवनी तालुक्यातल्या या गावालगत खापरखेड्याच्या वीज केंद्राची राख टाकली जायची. गावकरी बोलले, अभ्यास करणाऱ्या संस्थांनी पाणी तपासलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तिथं राख टाकणं थांबवायला लावलं. मंत्री आले म्हणून झालं, असं म्हणता येईल. पण मंत्री तिथंच का आले? कारण त्या गावात बोलणारं कुणीतरी होतं.

एक गोष्ट मला झोंबते, ती इथंच सांगतो. आपल्या बाजूला महादुल्याची नगरपंचायत झाली. नगरपंचायत म्हटलं की लोकांना रुबाब वाटतो: नगराध्यक्ष, जास्त निधी, एलईडी लाइट. कोराडीलाही आज ना उद्या ते होईल, आणि व्हायला हरकत असण्याचं कारण नाही. फक्त एवढं ध्यानात घ्या की ग्रामपंचायत गेली की ग्रामसभाही जाते. नगरपंचायतीत नगरसेवक बोलतात आणि मतदार पाच वर्षांनी बटण दाबतात. शहरांसाठी कायद्यात क्षेत्रसभेची सोय आहे म्हणे, पण आपल्या भागात ती भरलेली कुणी पाहिली असेल तर मला कळवा, मी चहा पाजीन. हातात असलेला हक्क न वापरता घालवण्यापेक्षा निदान चार सभा भरभरून घेऊ. उद्या नगरपंचायत झालीच तर वॉर्डावॉर्डात बसून बोलायची सवय तरी अंगात मुरलेली असेल.

तुकडोजी महाराजांची ग्रामगीता विदर्भातल्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याशेजारी असते. दर वर्षी पुण्यतिथीला ती वाचतात, आणि वाचणाऱ्यांतले निम्मे ग्रामसभेला फिरकत नाहीत. हा टोमणा आहे, लागला तर लागू द्या.

तर आता कामाचं बोलू. गावात कॉलनीतले, बसस्टँडकडचे, देवळाजवळचे आणि जुन्या वस्तीतले असे चार कोराडीकर आहेत आणि ते एकमेकांना फक्त नवरात्रात भेटतात. पहिल्यांदा त्यांची गाठ घालायची. विद्युत विहार कॉलनीतल्या नोकरदारांना वाटतं, हे गावाचं राजकारण, आपण बदलीवर जाणार. पण तुमचं नाव इथल्या मतदार यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, आणि संच कसा चालतो, राख कुठून कुठं जाते हे गावात सगळ्यांत जास्त तुम्हालाच कळतं. तुमच्या साहेबाविरुद्ध बोला असं कुणी म्हणत नाही. आकडा वाचायचा कसा ते समजावून सांगा, एवढं पुष्कळ झालं. बायांसाठी ग्रामसभेआधी वेगळी महिला सभा घ्यावी लागते, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकते. ताई, ती सभा खरी भरवा. पाणी कुठल्या विहिरीचं पिवळं झालंय आणि कुणाच्या लेकराचा खोकला जात नाही, हे आधी तुम्हालाच कळतं. तलावाचं पाणी शेवटचं कधी तपासलं, हा प्रश्न तुमच्या तोंडून आला तर टाळायला कठीण जाईल.

विषय आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज लांबलचक नको, एक पान पुरे. राखेचे ट्रक ताडपत्री झाकून जातात का, सहामाही अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत आहे का, नव्या संचांच्या अटींची मराठीत प्रत मिळेल का, असे साधे, हो-नाहीत उत्तर देता येणारे प्रश्न घाला. 'पर्यावरणाचं रक्षण झालं पाहिजे' अशा ठरावाला कुणीही हात वर करतं आणि त्यातून काही निघत नाही. उत्तर टाळलं तर 'पुढील सभेत माहिती द्यावी' असं इतिवृत्तात लिहायला सांगा आणि पुढच्या सभेला तेच पान काढा. आरडाओरडा करू नका. आवाज चढला की सभा गुंडाळायला निमित्त मिळतं.

नोटीस लागली की तिचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. 'मी एकटा येऊन काय होते बापा' असं म्हणणारा शेजारी भेटला तर त्याला शंभराचा आकडा सांगा: नव्व्याण्णव आले आणि तो आला नाही, तर सभा तहकूब. सोबत पाण्याची बाटली घ्या, सभा लांबते. आणि रजिस्टर सभेनंतर तुमच्या दारी आलं, तर सही न करता परत पाठवा.