बाईच्या मापाची सॅक

पाऊस ओसरला की इंदूरमध्ये दोन तऱ्हेच्या चौकश्या सुरू होतात. एक जानापाव, तिंछा, पातालपानीची, म्हणजे रविवारी पहाटे निघून जेवायला घरी परतण्याजोगी. दुसरी हिमालयाची. डिसेंबरात केदारकंठा करायचाय, काय काय घ्यावं लागेल? विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या. मुलं मोठी झालेली, गुडघे अजून शाबूत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी असली खरेदी. बायकांच्या गटाबरोबर बरीच वर्षं हिंडत असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. प्रत्येकीला यादी हवी असते आणि मला यादी द्यायला नको वाटतं. यादीत ‘सॅक, पन्नास लिटर’ एवढंच लिहिलेलं असतं. ती कोणाच्या पाठीवर बसणार आहे, हा खरा प्रश्न त्यात नसतो.

आमच्या गटातल्या बऱ्याच जणी पोलोग्राउंडच्या आसपास नोकरीला आहेत. कुणी तिथल्या छोट्या कारखान्यात हिशेब पाहते, कुणी वीज वितरण कंपनीच्या मुख्यालयात आहे. नवी खरेदी झाली की जेवणाच्या सुट्टीत तिथेच तिची तपासणी होते. परवा एकीनं जांभळी सॅक आणली, गुलाबी पट्ट्यांची. ‘‘काकू, लेडीज मॉडेल आहे, दुकानदारानं खात्रीनं सांगितलंय.’’ आम्ही तिच्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घातल्या आणि तिच्या पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसायच्या ऐवजी बराच खाली उतरला. पट्टा वर ओढून हाडांवर आणला, तर खांद्यांचे पट्टे खांदे सोडून वर उचलले गेले. पाठ आखूड, सॅक लांब. साचा पुरुषाचा होता, बदलला होता फक्त रंग.

सॅक घेताना माप घ्यायचं ते पाठीचं. मान पुढे झुकवली की मागे मानेच्या तळाशी एक हाड ठसठशीत वर येतं, टेप तिथे लावायचा. दोन्ही हात कमरेवर ठेवून अंगठे मागे वळवायचे, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ मणक्याला जिथे छेदते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचं माप. ते उंचीवरून कळत नाही. एकाच उंचीच्या दोघी बहिणींत एकीचे पाय लांब असतात, दुसरीची पाठ. पण सर्वसाधारणपणे पुरुषापेक्षा बाईची पाठ आखूड, खांदे अरुंद आणि कमरेचा घेर खाली जास्त पसरट. खऱ्या अर्थानं बाईसाठी केलेल्या सॅकमध्ये पट्टे छातीला वळसा घालून जातात, एकमेकांना जवळ असतात, आणि कमरपट्टा तिरका कापलेला असतो. बहुतेक ओझं या कमरपट्ट्यानं कमरेवर उतरायला हवं. ते उतरलं नाही तर सगळा भार खांद्यांवर येतो, आणि संध्याकाळपर्यंत ती बाई म्हणू लागते की, ‘‘मला नाही जमत हे ट्रेकिंग.’’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी मला राग येतो तो तिच्या पाठीवरच्या सॅकचा.

हे फक्त आपल्या बाजारातच घडतं असं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये ‘नासा’ला दोन महिला अंतराळवीरांचा एकत्र अवकाशातला फेरफटका ऐन वेळी बदलावा लागला, कारण दोघींना पोशाखाचा धडाचा भाग मध्यम मापाचा हवा होता आणि वापरायला तयार असा एकच होता. शेवटी क्रिस्टिना कोक आणि जेसिका मीर १८ ऑक्टोबरला बाहेर पडल्या. अवकाशस्थानकात ही अवस्था, तर आपल्या दुकानात ‘एम’ आणि ‘एल’च्या पलीकडे कुणी काही विचारत नाही यात नवल नाही.

एका ठिकाणी मात्र बाईचं शरीर कागदावर नीट मोजलं गेलं आहे, आणि त्याची माहिती इथल्या दुकानात क्वचितच कुणी देतं. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे आकडे छापलेले असतात. युरोपनं २००२ मध्ये त्यासाठी एक मानक ठरवलं. त्यातला ‘कम्फर्ट’चा आकडा प्रमाण स्त्रीच्या हिशेबानं काढलेला असतो आणि त्याखालचा ‘लिमिट’चा आकडा प्रमाण पुरुषाच्या. साधारणपणे बायकांना झोपेत थंडी लवकर वाजते हे त्यात धरलेलं आहे. विकणारे ठळक अक्षरांत सांगतात तो पुष्कळदा ‘लिमिट’चा किंवा त्याहूनही खालचा आकडा. मैत्रिणींनो, तुम्ही ‘कम्फर्ट’ बघा. उणे पाचची बॅग घेऊन उणे पाचमध्ये रात्रभर कुडकुडलेल्या बाईची तब्येत नाजूक नव्हती, तिला दुसऱ्याचा आकडा विकला गेला होता.

मापाइतकाच पोशाखाचाही प्रश्न आहे. पोलोग्राउंडवर आता घोडे नाहीत. पण घोड्यावर बसणाऱ्या बाईनं काय नेसावं हा प्रश्न आपल्या मराठी बायकांनी कधीच सोडवला होता, आणि त्याला साक्षीदार एक इंग्रज बाई आहे. फॅनी पार्क्स तिचं नाव. १८३५ मध्ये ती गंगेकाठी फतेहगडला बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत गेली. ग्वाल्हेरची सत्ता गेल्यानंतर बायजाबाई तेव्हा तिथे होत्या. स्वतः उत्तम घोडेस्वार, आणि त्यांच्या परिवारातल्या बायकाही. फॅनी एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायच्या इंग्रजी खोगिरावर बसे. मराठा बायकांना ते बसणं बघून आश्चर्य वाटलं. मग फॅनीनं लुगडं नेसलं, कासोटा घातला आणि दोन्हीकडे पाय टाकून मराठी खोगिरावर बसली. तिला ते इतकं मोकळं आणि सुरक्षित वाटलं की आपल्या देशातली बायकांची बसण्याची रीत बदलल्याचा राणी एलिझाबेथला तिनं पुस्तकात सरळ बोल लावला. ते पुस्तक १८५० मध्ये छापलं गेलं. युरोपातल्या बायका त्यानंतरही कितीतरी वर्षं घोळदार झग्यांत आल्प्स चढत होत्या.

आणि त्याच्याही आधी, २१ डिसेंबर १८१७ ला, इथून फार लांब नसलेल्या महिदपूरच्या लढाईत यशवंतराव होळकरांची मुलगी भीमाबाई घोड्यावरून लढली होती. आमच्या घरांत तिचं नाव अभिमानानं घेतात आणि त्याच घरांत, ‘‘या वयात पँट घालून डोंगरावर?’’ असंही विचारतात. नऊवारीचा कासोटा ही दोन पाय वेगळे करणारी, झुडपात न अडकणारी, चढताना पायात न येणारी बाहेरच्या कामाची नेसण होती. शेतात रोप लावणारी बाई आजही ती तशीच नेसते. तेव्हा पँट परकी आणि साडी आपली असा वाद घालणाऱ्यांनी आधी आपल्या पणजीकडे पाहावं.

साडीची बाजू मी मुद्दाम घेते आहे, कारण आमच्या भागातल्या सगळ्यात सराईत चालणाऱ्या बायका साडीतच चालतात. चातुर्मास संपला की ओंकारेश्वर, बडवाह, मंडलेश्वरकडच्या रस्त्यांवर नर्मदा परिक्रमेच्या बायका दिसू लागतात, त्यांत मराठी खूप. भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली, त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे याच काठावर मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. परिक्रमेच्या बायकांशी मी जमेल तेव्हा बोलते. दोन पातळ, लवकर वाळणाऱ्या साड्या, एक अंगावर, एक पाठीवर. पायात बूट. हातात काठी. काठीचा उपयोग त्यांना कुणी शिकवला नव्हता, उतारावर गुडघ्यांवरचा भार ती घेते हे त्यांच्या गुडघ्यांनीच त्यांना सांगितलं. सुती साडी मात्र त्या टाळतात. भिजली की जड होते, अंगाला थंड चिकटते, रात्रीत वाळत नाही. एकावर एक घालायच्या तीन पदरी कपड्यांवरची व्याख्यानं ऐकून जे कळतं त्यातलं निम्मं त्यांना चालून कळलेलं आहे.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याच दुकानात कुणी सांगत नाही. उघड्यावर लघवीला बसायचं तर साडीचा आडोसा होतो. पँटचा होत नाही. ट्रेकवर येणाऱ्या कित्येक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण गटात पुरुष असतात, झाड नसतं आणि अंगावर आखूड टी-शर्ट असतो. मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात, आणि खापर वयावर फुटतं. म्हणून पँटवर गुडघ्याच्या वरपर्यंत येणारा, दोन्ही बाजूंनी चिरलेला पातळ कुर्ता घाला असं मी आग्रहानं सांगते. घाम वाळेल अशा कापडाचा. पाळीच्या दिवसांसाठी झिपची जाड पिशवी, आत वर्तमानपत्र, वापरलेलं सगळं त्यात भरून परत आणायचं. ट्रेकचा नेता निवडतानाही पहिला प्रश्न हाच विचारा की, बायकांसाठी थांबे कुठे घेता? उत्तर देताना जो गडबडतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

मापाचे कपडे मिळत नाहीत ही तक्रार इंदूरमध्ये तरी मला पटत नाही. हे कापडाचं शहर आहे. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या भोंग्यांवर इथल्या पिढ्या उठल्या. हुकुमचंद १९९१ मध्ये बंद पडली, तरी तुकोजीराव क्लॉथ मार्केट आहे आणि गल्लीगल्लीत शिंपी आहेत. ताणलं जाणारं फोर-वे कापड मीटरवर मिळतं. आपल्याला बसणारी एक जुनी सलवार किंवा पायजमा मापाला द्यायचा आणि पँट शिवायला सांगायची: कमरेला रुंद इलास्टिक आणि आत नाडी, गुडघ्यात थोडी सैल, खाली घोट्याशी आवळलेली, आणि आसनाला मियानी जरूर लावा. आसनातला तो चौकोनी तुकडा नसला तर उंच पायरीवर पाय टाकताना शिवण उसवते. आणि खिसे. २०१८ मध्ये ‘द पुडिंग’ या प्रकाशनानं वीस ब्रँडच्या जीन्सचे खिसे मोजले तेव्हा बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्यापेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. मोबाईल, रुमाल, शिट्टी, गोळ्या, हे सगळं सॅकमध्ये खोल कोंबलेलं असेल तर वेळेला हाताशी काहीच नसतं. शिंप्याला हात दाखवा आणि सांगा, एवढा खोल, वर झिप.

जपानच्या जुन्को ताबेई १६ मे १९७५ ला एव्हरेस्टवर पोचणाऱ्या पहिल्या बाई. त्यांच्या बायकांच्या तुकडीला पैसे मिळत नव्हते, तेव्हा त्यांनी गाडीच्या कव्हरमधून हातमोजे आणि जुन्या पडद्यांतून पँटी शिवल्या होत्या. शिवणयंत्र चालवता येणाऱ्या बाईला कुणी सांगू नये की तुमच्यासाठी काही मिळत नाही.

जे शिवून होत नाही ते दोनच, ब्रा आणि बूट. स्पोर्ट्‌स ब्रा हा शब्द उच्चारायला दुकानात संकोच वाटतो म्हणून साध्या सुती ब्रावर ट्रेक करणाऱ्या शिकलेल्या बायका मी पाहते. घामानं भिजलेली सुती पट्टी पाठीला आणि काखेत सोलून काढते, आणि उतरताना प्रत्येक पायरीला छातीला हिसका बसतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी १९७७ मध्ये पुरुष खेळाडूंचे दोन सपोर्टर एकत्र शिवून पहिली स्पोर्ट्‌स ब्रा केली. त्यांनी संकोच केला नाही. घेताना ट्रायल रूममध्ये जागच्या जागी उड्या मारून पाहा.

बूट संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, आणि ट्रेकचे जाड मोजे बरोबर न्या. पुढे अंगठ्याएवढी जागा, मागे टाच उचलली जाता कामा नये. बायकांची टाच पंजाच्या मानानं अरुंद असते, त्यामुळे पुरुषांचा लहान नंबर पुढे बसला तरी मागे सरकतो आणि टाचेला फोड येतात. आमच्या माळव्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. पावसानंतरची काळी माती तळव्याला अशी धरते की पंधरा मिनिटांत बूट दुप्पट जड होतो. तळव्यावरचे दाते एकमेकांपासून दूर असतील तर माती गळून पडते, दाट असतील तर साचते. धबधब्यांजवळच्या शेवाळलेल्या काळ्या दगडावर मात्र कुठल्याही कंपनीच्या बुटावर विश्वास ठेवू नका, तिथे बसून उतरा.

राहता राहिला पैसा. सगळं एकदम घ्यायची गरज नाही. जाड जाकीट, स्लीपिंग बॅग, काठ्या हिमालयातल्या बेस गावी भाड्यानं मिळतात. सॅकही मिळते, टेप मात्र बरोबर असू द्या. बूट आणि ब्रा भाड्यानं घ्यायच्या नसतात, पहिला खर्च त्यांच्यावर. घरातल्या मुलाच्या क्रिकेटच्या किटला कुणी दोनदा विचार करत नाही, आणि आई स्वतःसाठी बूट घेताना तीन दुकानांत भाव करून शेवटी नवऱ्याचे जुने बूट मोज्यांवर मोजे चढवून घालते. हे मला अजिबात मान्य नाही. दिवाळीची खरेदी आता सुरू होईल. सगळ्यांचं झाल्यावर उरेल त्यात आपले बूट, असा क्रम लावू नका. ते आधी घ्या, आणि याच आठवड्यात घ्या, कारण डिसेंबरच्या बर्फाआधी ते पायात घालून भरपूर चालणं व्हायला हवं. रोज सकाळी नेहरू पार्कच्या फेऱ्या त्यांतच मारा, भाजीला त्यांतच जा, आणि एक रविवार जानापाव.