‘नको’ची शिकवणी

गेली बावीस वर्षे मी वर्गात वर्णांची पंगत मांडत आलो आहे. ‘क’ कंठात जन्मतो, ‘प’ ओठांवर, हे फळ्यावर लिहिताना मला कधी घाम फुटला नाही. पण साधा ‘पाणी’ हा शब्द उच्चारताना एखाद्या जिवाला घाम फुटू शकतो, हे माझ्या अडीच वर्षांच्या भाचीने मला शिकवले. आणि फी म्हणून माझा सारा पंडिती तोरा काढून घेतला.

पोर जन्मली आणि आठवड्याच्या आतच दूध ओकू लागली. अंगावर कावीळ चढली. निदान झाले ‘गॅलॅक्टोसेमिया’. दुधातल्या साखरेचे पोटात ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन वाटे होतात. त्यातला दुसरा मार्गी लावणारे एन्झाइम हिच्या अंगात जवळजवळ नाहीच. ज्या आईच्या दुधाला आपण अमृत म्हणतो, तेच हिला विष! ते बंद करून सोयाबीनपासून केलेले दूध सुरू झाले आणि पोर वाचली. आम्ही पेढे वाटले, तिला वगळून!

दोन वर्षांची झाली तरी शब्द फुटेना. बहीण काळजीत पडली. मी भाषेचा प्राध्यापक. मत देणे हा माझा धर्मच! “अगं, आपल्या घराण्यात सगळे उशिराच बोलले. एकदा लागली बोलायला की आवरणार नाही,” मी ठणकावून सांगितले. बहिणीने दादाचे ऐकले. सहा महिने फुकट गेले.

वाचकहो, या विकारात पथ्य वेळेवर पाळले तरी अनेक मुलांची वाणी अडते, हे मला ठाऊक नव्हते. ओठ-जीभ दुबळे नसतात. शब्दही मनात तयार असतो. पण कोणत्या अवयवाने केव्हा हलायचे, ही मेंदूची आज्ञा वाटेतच गोंधळते. म्हणून ‘पाणी’ एकदा ‘पापी’ होते, एकदा ‘नानी’.

वाणीचे उपचार करणाऱ्या बाईंनी आधी कानांची तपासणी करून घेतली. मग आरसा पुढे ठेवला. मी मोठ्या उत्साहाने शिट्ट्या आणि फुगे नेले होते. बाई हसून म्हणाल्या, “सर, फुंकून फुंकणेच येते. बोलणे बोलूनच येते.” शब्द मोजकेच, पण रोजच्या उपयोगाचे. तोंडाकडे बघत, सावकाश, पुन्हा पुन्हा. जोडीला हातांच्या खुणा. खुणांनी मूल आळशी होते ही समजूत खोटी. उलट त्या बोलण्याला हात देतात.

बाहेर बाकावर नाकात नळी असलेले एक बाळ नेहमी भेटे. त्याला प्रथिने पचत नाहीत. दिवसाची प्रथिने ग्रॅमने मोजलेली. महिनोन् महिने नळीने पोसलेले तोंड खाणेच विसरले होते. चमचा दिसला की मान फिरवी. गिळायला शिकवण्याचे कामही याच बाईंचे, हे मला तिथेच कळले. बाळाला नीट बसवून त्या ओठाला नुसती चव लावीत. तीही आहारतज्ज्ञांनी ठरवलेल्या हिशेबातली! घास घेताना खोकला येतो का, आवाज ओलसर होतो का, याकडे त्यांचे सारे लक्ष. घास चुकून श्वासनलिकेत गेला तर छातीवर बेतते.

अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बियाटे पीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर गॅलॅक्टोसेमियाच्या बाळांसाठी ‘बॅबल बूट कॅम्प’ नावाचा उपक्रम आखला. मूल बोलायचे थांबले की धावायचे नाही. ते काही महिन्यांचे असतानाच त्याच्या हुंकाराला प्रतिसाद कसा द्यावा, हे आईबापांना शिकवायचे. ते वाचले आणि माझे सहा महिने मला अधिकच बोचले.

बाईंनी निवडलेल्या पहिल्या शब्दांत ‘आई’ आणि ‘पाणी’ होते. तिसरा ऐकून मी चमकलो. ‘नको’! लहान मुलाला नकार काय शिकवायचा?

उत्तर परवा मिळाले. फराळाला आलेल्या शेजारच्या काकूंनी कौतुकाने पेढा छकुलीच्या तोंडाशी नेला. बहीण स्वयंपाकघरात, मी खुर्चीतून उठेपर्यंत उशीर झाला असता. छकुलीने तळहात उभा केला, कपाळाला आठ्या घातल्या आणि सारे बळ एकवटून म्हणाली, “न... तो!”

‘को’चा ‘तो’ झाला होता. कंठ्य वर्णाचा दन्त्य! वर्गात मी तांबड्या शाईने खूण केली असती. पण काकूंचा हात मागे गेला. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि तेलाचे मोहन घातलेली चकली तिच्या हातावर ठेवली.