उपस्थात्याचा अनुराग आणि आपल्या संस्थांचा लौकिक

संघटनेची सभा कोणत्याही विषयावर असो, चहाच्या वेळी वैद्य आणि औषधनिर्माते एकत्र आले की एक तक्रार हमखास कानी पडते : 'माणसे टिकत नाहीत.' पंचकर्माची परिचारिका हात बसला की निघून जाते, भट्टीवरचा कारागीर दिवाळीचा बोनस घेऊन गेला तो परत येत नाही, नुकताच पदवीधर झालेला साहाय्यक वैद्य सहा महिन्यांत ॲलोपॅथिक रुग्णालयातील रात्रपाळी पत्करतो. या तक्रारीचा शेवट बहुधा 'आजकाल निष्ठाच राहिली नाही' या वाक्याने होतो. हे वाक्य आम्हीही पुष्कळ वर्षे उच्चारले. आता उच्चारत नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या चिकित्सालयास जोडून एक लहानशी औषधशाळा आहे. दोन्हीकडे मिळून नऊ माणसे काम करतात. त्यांपैकी पंचकर्म विभागातील एक बाई अकरा वर्षे आमच्याकडे होत्या. अभ्यंगासाठी रुग्ण त्यांचीच वेळ मागून घेत. बस्तीच्या वेळी घाबरलेल्या वृद्ध रुग्णाला धीर देण्याची त्यांची हातोटी आम्हालाही साधत नसे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "वैद्यसाहेब, पुढल्या महिन्यापासून मी यायची नाही." शहराबाहेर निघालेल्या एका आरोग्यनिवासात त्यांना काम मिळाले होते. आम्हास राग आला. चार पैशांसाठी अकरा वर्षांचे ऋणानुबंध तोडले, असे आम्ही घरी बोलूनही दाखविले.

वस्तुस्थिती निराळी होती. त्यांच्या मुलाला पदविका अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता आणि शैक्षणिक कर्जासाठी बँकेने आईच्या पगाराचा पुरावा मागितला होता. आम्ही पगार दरमहा पाकिटातून रोख देत होतो. नियुक्तिपत्र नव्हते, पगारपत्रक नव्हते, बँकेच्या पुस्तकात नोंद नव्हती. त्यांनी मागितल्यावर आम्ही संस्थेच्या कागदावर दाखला लिहून दिला खरा, पण तो लिहिताना त्या नेमक्या कोणत्या वर्षी रुजू झाल्या हेच आम्हाला आठवेना. बँकेने तो दाखला स्वीकारला नाही. नव्या ठिकाणी पगार थोडाच अधिक होता. मात्र तो खात्यावर जमा होत होता आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती त्यांचे नाव लिहिलेले पत्र पडले होते.

त्यांच्या जागी दुसरी परिचारिका मिळविण्यास आम्हाला सहा महिने लागले. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ओळखीपाळखीत सांगितले, कोणी येईना. अखेर जुन्या माणसांपैकी एकाने संकोचत सांगितले, "साहेब, वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याकडे काम शिकायला मिळतं, पण कागद मिळत नाही."

आमचा लौकिक तो हा. रुग्णांमध्ये आमचे नाव काय आहे याची आम्ही रोज विचारपूस करीत होतो. काम मागणाऱ्यांमध्ये ते काय आहे, हे आम्ही अकरा वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आणि त्यांत भिषक्, द्रव्य व रोगी यांच्या बरोबरीने उपस्थात्यास स्थान दिले, हे आपण सर्वच विद्यार्थिदशेत शिकलो. उपस्थात्याचे चार गुणही आपणास मुखोद्गत आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांतील दाक्ष्य आणि शौच हे दोन गुण वैद्याच्या चार गुणांतही आहेत. म्हणजे शास्त्राने परिचारकाकडून ज्या अपेक्षा ठेवल्या, त्यांपैकी निम्म्या वैद्याकडूनही ठेवल्या. उपचारज्ञता आपण शिकवू शकतो. दाक्ष्य आणि शौच यांना शिस्त लावता येते. परंतु अनुराग कोणाच्या आज्ञेने उत्पन्न होत नाही. हा अनुराग रुग्णाविषयीचा समजला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि ज्यास तो असावा त्या भर्त्याचा मूळ अर्थ भरणपोषण करणारा असा आहे, हेही विसरता येत नाही. भरणपोषणाची जबाबदारी अर्धवट उचलायची आणि अनुराग मात्र पूर्ण मागायचा, हा व्यवहार आपल्यापैकी अनेकांनी चालविला आहे.

औषधनिर्मितीत तर ही उणीव केवळ कागदापुरती नाही. भल्लातक शोधनाचेच उदाहरण घ्यावे. विटेच्या चूर्णात बिब्बे घासताना अंगावर तेल उडाले तर फोड येतात, चेहरा सुजतो, हे आपण जाणतो. महाविद्यालयात हे कर्म करताना आपल्याला हातांना खोबरेल चोळावयास लावले होते आणि अध्यापक शेजारी उभे होते. आमच्या औषधशाळेत एका तरुण कामगाराचे दोन्ही हात असेच उतले. आम्ही त्यावर मनापासून उपचार केले, औषधाचे पैसे अर्थातच घेतले नाहीत आणि महिनाअखेरीस त्याचे चार दिवसांचे वेतन कापले. काम नाही तर वेतन नाही, हा आमचा नियम होता. आमच्या कामात भाजलेले हात आमच्याच नियमाने बिनपगारी ठरले, यातील विसंगती आमच्या तेव्हा ध्यानातही आली नाही. कज्जलीचे मर्दन बंद खोलीत चालते, त्रिकटूचे चूर्ण करताना खोलीभर रज उडते, गजपुट दिल्यावर धूर कोंडतो. हे सारे ज्याच्या श्वासात जाते त्याची गणना आपण कोणत्या पादात करतो?

आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी 'शेड्यूल टी' २००० साली अधिसूचित झाले. कामगारांना योग्य गणवेश, कपडे बदलण्याची सोय, स्त्रीपुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, प्रथमोपचाराची व्यवस्था आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी या गोष्टी त्यात आहेत. अनेक ठिकाणी या तरतुदी निरीक्षकाच्या फायलीपुरत्या राहतात, हे आपण आपसांत तरी मान्य करावे. शिवाय त्या वार्षिक तपासणीचा रोख कामगार संसर्गमुक्त आहे ना, याकडे आहे. कामगारापासून औषधाचे रक्षण हा तिचा हेतू. औषधापासून कामगाराचे रक्षण होते आहे का, हा उलट प्रश्न त्याच तपासणीत विचारण्यास कोणाची मनाई नाही. आपण स्वतः वैद्य आहोत. दुसरा तपासनीस शोधावा लागत नाही.

काही जण म्हणतील, हे मोठ्या कंपन्यांचे विषय झाले. मोठ्या कंपन्या तरी मोठ्या झाल्यावरच याकडे वळल्या काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा तेथे निवडुंग होता, गाव नव्हते. ज्या काळी अस्पृश्यता सर्वत्र पाळली जाई, त्या काळी त्यांनी किर्लोस्करवाडीत तिला थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस रात्रीच्या राखणीचे काम दिले. माणसांनी तेथे येऊन राहावे, अशी वसाहत उभी राहिली. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आणि १९२० साली भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. त्या निधीचा कायदा देशात १९५२ साली झाला. कायद्याने हात धरण्यापूर्वी जे दिले गेले, तेच लोकांच्या लक्षात राहिले. कामाचे ठिकाण म्हणून या उद्योगांचा जो लौकिक झाला, त्याचा पाया अशा गोष्टींत आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो आम्ही हलका मानीत नाही. कच्च्या वनौषधींचे भाव, पॅकिंगचा खर्च आणि दुकानदाराची सूट यांतून लहान औषधशाळेच्या हाती काय उरते, हे आम्हास अनुभवाने ठाऊक आहे. रास्त वेतनाला पर्याय नाही आणि गोड बोलून ते टाळता येत नाही. परंतु नियुक्तिपत्रास किती खर्च येतो? पाच तारखेस वेतन खात्यावर जमा करण्यास, साप्ताहिक सुटीच्या दिवशी बोलावणे न धाडण्यास काय लागते?

साहाय्यक वैद्यांच्या बाबतीत तर 'शिकायला मिळते ना!' हे आपले ठरलेले पालुपद. गुरुकुलाची थोर परंपरा त्यासाठी पुढे केली जाते. गुरुकुलात शिष्याच्या अन्नवस्त्राची चिंता गुरूच्या घरी वाहिली जात असे, एवढे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. आणि शिकवावयाचे म्हटले तरी आपण किती शिकवितो? नाडीपरीक्षेच्या वेळी शेजारी बसविण्याऐवजी जो सकाळपासून नोंदवहीत नावे लिहितो, तो शिकत नाही. तो स्वस्तात राबतो. अशा साहाय्यकाने आयुर्वेदच सोडला तर हानी एका चिकित्सालयाची नसते. अवलेहाचा पाक सिद्ध झाला हे बोटाच्या स्पर्शाने ओळखणारा कारागीर निघून गेला तर त्याचे ज्ञानही जाते, कारण ते आपल्या कोणत्याही नोंदवहीत नसते.

त्या बाई गेल्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. प्रत्येकास मराठीत नियुक्तिपत्र दिले. त्यात रुजू दिनांक, काम, वेतन, रजा आणि साप्ताहिक सुटी स्पष्ट लिहिली. वेतन खात्यावर जमा होऊ लागले. बिब्बा आणि पारद यांच्या कामासाठी हातमोजे, मुखपट्टी, लांब बाह्यांचे कपडे आणि हवेशीर जागा ठरवून दिली. त्या कामाने दुखापत झाल्यास सुटी भरपगारी केली. औषधाच्या प्रत्येक घाण्याच्या नोंदीत तो करणाऱ्याचे नाव लिहू लागलो. दर गुरुवारी अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रथम कर्मचाऱ्यांनी बोलावे, आम्ही शेवटी, असा प्रघात पाडला. पहिले दोन महिने कोणीच बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात कळले की स्वेदनकक्षातील वाफ कोंडून परिचारिकांना घेरी येते आणि खिडकी वर्षभरापासून उघडत नाही. सुताराने ती एका दुपारात दुरुस्त केली.

याने सारे टिकले असे नाही. एक कारागीर गावी शेती करण्यासाठी गेला. त्यास आम्ही नीट तारखांसह अनुभवाचा दाखला दिला. मात्र मागील वर्षी एक नवी मुलगी काम मागण्यास आली, तिला कोणी पाठविले म्हणून विचारले, तेव्हा तिने त्याच बाईंचे नाव सांगितले. त्या तिच्या मावशी होत्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. म्हणजे आम्ही उशिरा केलेली पहिली गोष्ट आता सर्वांना करणे भागच आहे. ती दंडाच्या भीतीने करावी की आपल्या माणसाचा मान म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमची संघटनेस विनंती आहे की चिकित्सालये आणि औषधशाळा यांना उपयोगी पडेल असा नियुक्तिपत्राचा मराठी नमुना आणि भल्लातक, पारद, सोमल, हरताळ यांच्या शोधनकर्मासाठी कामगारसुरक्षेचे एक पानी टिपण या नियतकालिकातून प्रसिद्ध करावे. आमचे पत्र आणि आमचे टिपण आम्ही संपादक मंडळाकडे पाठवीत आहोत. त्यांत त्रुटी असतील. ज्यांच्याकडे कारखाना मोठा आणि अनुभव जुना आहे, अशा औषधनिर्मात्यांनी त्या दुरुस्त कराव्यात. आणि पुढील सभेत 'माणसे टिकत नाहीत' हा विषय निघालाच, तर प्रत्येकाने आपल्याकडून शेवटी गेलेल्या माणसाचे नाव आठवावे आणि ते का गेले हे त्यास एकदा विचारून यावे, एवढीच प्रार्थना.