घुंगरांआधी बैठका
होळीपासून पाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. आपल्याकडे अशा गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा हगामाही असतो आणि तमाशाचा फडही. पैलवान नुसत्या कुस्त्या खेळून आखाड्यात उतरत नाही, तालमीत जोर-बैठका काढतो. मग लावणी नाचणाऱ्या कलावंतिणीला ती तयारी का नको? नाचणं हाच व्यायाम, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. नाचून अंगाला सवय होते, पण ताकद वाढवायची तर स्नायूंवरचा भार हळूहळू वाढवावा लागतो. जड चाळ बांधून फळ्यांवर पाय आपटताना पोटऱ्या-मांड्या थकल्या की दणका घोट्या-गुडघ्यांना बसतो. म्हणून पायरीच्या कडेवर चवडे टेकायचे, टाचा सावकाश खाली सोडायच्या, पुन्हा उचलायच्या. आधी दोन्ही पायांवर, मग एकाच. अंग जाड होऊन नजाकत जाईल ही भीती नको. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं केल्याने कुणी पैलवान होत नाही, त्याला खुराकही तसाच लागतो. तमाशाच्या हंगामात रोज नवं गाव, वेळ नसतो, हे मात्र खरं. म्हणून मुख्य बांधणी बुद्धपौर्णिमेपासून दसऱ्यापर्यंतच्या मोकळ्या महिन्यांत व्हावी, आणि तेव्हाच्या खुराकाचा खर्च फडमालकांनी उचलावा.