निरोगी ठरलेल्यांची छायाचित्रे

क्ष-किरणतज्ज्ञ घडविणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल, असे भाकीत जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये केले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे हे अध्वर्यू. २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. भाकिताची मुदत केव्हाच उलटली. तज्ज्ञ बेकार तर झाले नाहीतच, उलट अनेक देशांत ते पुरेनासे झाले आहेत. तथापि, भविष्यवेत्त्याची फजिती झाली एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. यंत्राला दिसते, आणि पुष्कळच चांगले दिसते.

स्वीडनमध्ये २०२१ साली सुरू झालेली चाचणी पाहावी. स्तनाचे प्रत्येक क्ष-किरण छायाचित्र दोन तज्ज्ञांनी पाहावे असा तेथील रिवाज. चाचणीत ऐंशी हजार स्त्रियांचे दोन गट केले आणि एका गटाची छायाचित्रे प्रथम यंत्राकडे दिली. यंत्राने धोक्याचे गुण द्यावयाचे. सर्वाधिक गुणांची छायाचित्रे दोघांनी, बाकीची एकानेच पाहावयाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि हजारी पाचाऐवजी सहा स्त्रियांचा कर्करोग सापडला. या यशाचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरली जाते. यंत्राने निर्धोक म्हटलेले छायाचित्रही तेथे एका माणसाच्या नजरेखालून जात होते.

आपल्याकडे हे तंत्र निराळ्या परिस्थितीत आले आहे. क्षयाच्या चाळणी-तपासणीत, पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या छातीची छायाचित्रे माणसाऐवजी यंत्राने वाचली तरी चालेल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्य केले. डिसेंबर २०२४ मध्ये भारतात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेतही हे तंत्र वापरले गेले. जेथे वाचणारा तज्ज्ञच नाही तेथे यंत्राचे स्वागतच करावयास हवे. यंत्राने ज्याच्यावर संशय घेतला त्याची थुंकी तपासली जाते आणि चूक असल्यास उमगते. परंतु लक्षणे नसलेल्या ज्या माणसाला यंत्राने निरोगी ठरविले, तो घरी जातो. त्याचे छायाचित्र पुन्हा पाहतो कोण?

शिवाय संशय किती गुणांपासून घ्यावयाचा, हे यंत्र नव्हे, माणूस ठरवितो. ही रेषा वर सरकविली की थुंकीच्या तपासण्या घटतात, खर्च वाचतो आणि रुग्ण निसटतात. म्हणूनच ही रेषा कोणी व कशाच्या आधारे आखली, हे आरोग्य खात्याने जिल्हावार जाहीर करावे; आणि निरोगी ठरलेल्यांपैकी काही छायाचित्रे दरमहा तज्ज्ञाकडून वाचून घ्यावीत. जिल्ह्यात तज्ज्ञ नाही, ही सबब आता चालू नये. छायाचित्र मुंबई-पुण्यास धाडणे हे क्षणाचे काम आहे.