हलके खोके, नेटका आवाज

आमच्या इंदुरातील जुन्या मराठी वस्तीत एकादशीचे भजन घरोघरी फिरते. ज्या घरचे निमंत्रण, त्या घरी मंडळाच्या भगिनी टाळ, ढोलकी आणि बाजाची पेटी घेऊन जातात. काही वर्षांपूर्वी या सरंजामात ध्वनिक्षेपकाच्या एका खोक्याची भर पडली. कारण मुख्य गायिकेचा आवाज वयपरत्वे बारीक झाला होता, आणि श्रोत्यांचे कानही काही तरुण राहिले नव्हते. ते खोके भुशाच्या जाड फळ्यांचे, आत शिशाची बॅटरी. एकूण वजन 22 किलो. पूर्वी ते उचलावयास घरातील मुले असत. ती आता नोकरीनिमित्त पुण्यास नि बंगळुरास गेली. मंडळातील सर्वांत धाकट्या भगिनी आज 58 वर्षांच्या आहेत. परिणाम असा झाला की, भजन केवळ तळमजल्यावरील घरांतच जाऊ लागले.

मंडळाची पेटी ज्यांनी चाळीस वर्षे वाजविली, त्या आजी तिसऱ्या मजल्यावर राहतात. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या खाटेला खिळून आहेत. इमारतीला लिफ्ट नाही. ‘‘आमच्या घरची एकादशी बंद झाली का हो?’’ असा त्यांचा निरोप आला, आणि आम्ही माळ्यावरील करवत व रंधा खाली काढला.

पहिला प्रयत्न फसला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हलके म्हणजे पातळ, अशी आमची भाबडी समजूत होती. 6 मिलिमीटरच्या प्लायचे खोके केले आणि वजन वाचावे म्हणून त्याची पाठ उघडीच ठेवली. एका घरी भजनास ते लावले, तो पेटीच्या खर्जाबरोबर साऱ्या फळ्या गुणगुणू लागल्या. शब्द त्या गुणगुणीत बुडाले. गायिकाकाकूंनी अभंग अर्ध्यावर थांबवून आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही विसरणार नाही.

चूक दुहेरी होती. ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबतो आणि मागची विरळ करतो. पाठ उघडी असली की मागची लहर वळसा घालून पुढे येते व खालचे स्वर खोडून काढते. खोके पूर्ण बंद केले म्हणजे ही चोरी थांबते. शिवाय आत कोंडलेली हवा शंकूला स्प्रिंगसारखा आधार देते. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी 1954 साली याच तत्त्वावर लहान आकाराचे बंद खोके यशस्वी करून दाखविले. दुसरी चूक फळीची. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 18 मिलिमीटरच्या जागी तेच लाकूड 6 मिलिमीटरचे घेतले की ताठपणा सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतो. अशी फळी म्हणजे डग्ग्याचे कातडेच!

यावर जाड फळी हाच एक उपाय नव्हे. फळीला मधेच आडवी पट्टी उभ्या कडेवर चिकटविली, तर तिचे मोकळे अंतर कमी होते आणि थोड्या वजनात ताठपणा अनेक पटींनी वाढतो. आपल्या पाटाच्या खाली आडव्या पट्ट्या असतात, त्या उगाच नव्हेत. मात्र पट्टी बरोबर मध्यावर नसावी. दोन्ही भाग सारखे झाले तर दोन्ही एकाच स्वरात बोलू लागतात.

आता दुसऱ्या खोक्याची मापे. बाहेरून उंची 400, रुंदी 280 आणि खोली 240 मिलिमीटर. दर्शनी फळी 12 मिलिमीटर प्लायची, बाकी पाचही 9 मिलिमीटरच्या. पातळ प्लायच्या कडेत स्क्रू मारला तर थर फाटतात. म्हणून आतील कोपऱ्यांत पाइनच्या 20 मिलिमीटर चौकोनी पट्ट्या बसवून सर्व सांधे पांढऱ्या सरसाने जोडावेत व रात्रभर आवळून ठेवावेत. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना जोडणारी एक आडवी काठी ध्वनिक्षेपकाच्या मागे घालावी. पाठीशी, तळाला, बॅटरी व ध्वनिवर्धकासाठी वेगळा कप्पा करावा. त्याच्या भिंतीही खोक्याला आधार देतात. आत सुमारे 19 लिटर हवा उरते. 8 इंची ध्वनिक्षेपकाला, आणि विशेषतः मानवी आवाजाला, तेवढी पुरते.

ध्वनिक्षेपक निवडताना केवळ ‘वॅट’ विचारू नये. एका वॅटला, एका मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो, ते विचारावे. तीन डेसिबलचा फरक म्हणजे निम्म्या वा दुप्पट शक्तीचा फरक. 87 डेसिबलवाल्याला जे काम करण्यास 16 वॅट लागतात, ते 93 वाला चार वॅटमध्ये करतो. म्हणजे बॅटरीही लहान चालते. आम्ही जेल रोडवरील दुकाने पालथी घालून चार ओहमचा, 92 डेसिबलचा, दोन किलो वजनाचा ध्वनिक्षेपक मिळविला. सोबत लिथियम आयर्न फॉस्फेटची 12 व्होल्ट, 6 अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. तिला संरक्षक सर्किट व फ्यूज असलाच पाहिजे, चार्जर तिच्याच जातीचा हवा, आणि रात्री सर्व झोपले असता ती भारणास लावून ठेवू नये. वजन कमी करण्याच्या नादात फ्यूज वगळणारा मनुष्य घर जोखमीत घालतो.

खोके बंद झाल्यावर, पण आत कापूस भरण्यापूर्वी, उदबत्ती पेटवून सांध्यांजवळून फिरवावी व शंकू बोटांनी अगदी हलके दाबावा. धूर जेथे थरथरेल तेथे फट आहे; तेथे सरस व भुसा भरावा. त्यानंतर ध्वनिक्षेपक काढून आत पिंजलेला कापूस सैल भरावा आणि तो फोमची पट्टी लावून पुन्हा बसवावा. मूठ 9 मिलिमीटरच्या फळीत नुसत्या स्क्रूने बसवू नये. आतून लाकडी पट्टी देऊन बोल्टने आवळावी. चुंबकाच्या भाराने खोके पुढे झुकते, बॅटरी पाठीशी असल्याने तो तोल सावरतो. जिना चढताना याचे मोल कळते.

सगळे मिळून वजन सव्वासात किलो भरले.

पुढच्या एकादशीस गायिकाकूंनी ते एका हातात घेतले आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून, मधल्या दोन वळणांवर श्वास घेत, त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. मंडळी बाहेरच्या खोलीत बसली. खोके लांब तारेने आतल्या खोलीत, आजींच्या उशाशी, स्टुलावर कानाच्या उंचीवर ठेवले. मायक्रोफोन भिंतीपलीकडे असल्यामुळे ती कर्कश शिट्टीही वाजली नाही. आवाज आम्ही बेताचाच ठेवला. मंद झालेल्या कानाला मोठा आवाज नको असतो, स्पष्ट शब्द हवे असतात.

दोन अभंग झाले. आतून काहीच हालचाल नाही. आमचे मन खट्टू झाले. पुन्हा फळ्या बोलू लागल्या की काय, अशी शंका आली. इतक्यात सूनबाई बाहेर आल्या व आजींचा निरोप सांगू लागल्या : ‘‘अंतऱ्यात पेटीवाली दर वेळी कोमल निषादाऐवजी शुद्ध लावते आहे. तिला म्हणावे, नीट वाजव.’’

पेटीवाली भगिनी लाजली, बाकीच्या हसल्या. तिसरा अभंग कोमल निषाद सांभाळून झाला. निघताना पुढच्या एकादशीचे निमंत्रणही आजींनी त्याच घरचे दिले आहे.