एक ग्रंथ, अनेक पानें

आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर उतरवावा असें हल्लीं पुष्कळ घरच्या तरुण मंडळींस वाटतें, व तें योग्यच आहे. परंतु हें काम हातीं घेणारांनीं आरंभींच एक विवेक करावा, असें आम्हांस सुचवावयाचें आहे. मजकूर निराळा व त्याचें दर्शनी रूप निराळें, हा तो विवेक होय.

छापील ग्रंथांत एखादें नांव ठळक ठशांत असलें, तर तें मूळपुरुषाचें, शाखेचें कीं गांवाचें, हें वाचकास संदर्भानें कळतें. संगणकास तो केवळ ठळक ठसा होय. ही उणीव दूर करणाऱ्या लेखनपद्धतीस एक्सएमएल म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ती १० फेब्रुवारी १९९८ रोजीं मान्य केली. तींत मजकुराच्या दोन्ही अंगांस त्याचा अर्थ सांगणारी खूण घालावयाची असते, जसें, <जन्म>१९०८</जन्म>. खुणांचीं नांवें आपणच ठरवावयाचीं, व तीं देवनागरींत असलीं तरी चालतात.

अशा मजकुरास वेबपानाचें रूप देण्याचें काम स्टाइलशीट करिते. त्यासाठीं एक्सएसएलटी ही भाषा १६ नोव्हेंबर १९९९ रोजीं मान्य झाली. जेम्स क्लार्क हे तिच्या मसुद्याचे संपादक होते. स्टाइलशीटमध्यें साचे असतात: 'व्यक्ति' ही खूण आढळली कीं नवा परिच्छेद घाल, 'जन्म' आढळला कीं साल कंसांत दे. मौजेची गोष्ट अशी कीं, ही भाषा साऱ्या ग्रंथाकडे वृक्ष म्हणूनच पाहते, आणि त्या वृक्षांतील वाटांचीं नांवें पालक, अपत्य, पूर्वज, वंशज, भावंड अशींच आहेत.

याचा लाभ काय? एका स्टाइलशीटनें वंशवृक्षाचें पान होईल, दुसरीनें गांववार यादी होईल, आणि तिसरीनें सासरीं गेलेल्या साऱ्या मुलींची नोंद एकत्र येईल. ज्या आत्यांचा व पणत्यांचा शोध घेण्यास सारा ग्रंथ चाळावा लागे, त्या क्षणांत समोर येतील. मूळ मजकुरांतील एक अक्षरही त्यासाठीं हलवावें लागणार नाहीं. मात्र मुलीचें सासर मुळांत लिहिलेंच नसेल, तर कोणतीही स्टाइलशीट तें दाखवूं शकत नाहीं.

येथें एक सावधगिरीही हवी. हें रूपांतर ब्राउझर स्वतः करीत आले. परंतु २०२५ सालीं क्रोमच्या चालकांनीं ही सोय काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. हें काम करणारी जुनी आज्ञावली सुरक्षिततेस धोक्याची ठरूं लागली, व तिचा उपयोग करणारे थोडे, हें त्याचें कारण. म्हणून रूपांतर आपल्या संगणकावर आधींच करावें, व तयार एचटीएमएल पानें प्रसिद्ध करावीं. मूळ एक्सएमएल प्रत जपली असली म्हणजे यांत कांहींच बुडत नाहीं. पुढें निराळें पान हवें झालें, तर स्टाइलशीट नवी लिहावी लागेल, कुलवृत्तांत नव्हे.

खुणा घालण्याचें काम कंटाळवाणें आहे खरें, व तें सर्वस्वी यंत्रावर टाकतां येणार नाहीं. एकाच नांवाच्या दोघींपैकीं कोण कोणाची नणंद व कोण कोणाची जाऊ, हें घरांतील वडील माणसांसच ठाऊक असतें. तीं आहेत तोंवर त्यांच्याजवळ बसून तें लिहून घ्यावें. स्टाइलशीट मागाहून कोणीही लिहील.